पाच लाखांचं कार्ड आणि भूलतज्ज्ञाची रिकामी जागा

2018 च्या मार्च-एप्रिलात दोडामार्गला लोक रस्त्यावर उतरले होते. सिंधुदुर्गाबाहेर त्याची फार बातमी झाली नाही. झालं असं होतं की गोवा सरकारने 1 जानेवारी 2018 पासून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात गोव्याबाहेरच्या पेशंटकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. तोपर्यंत दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ला या पट्ट्यात कुणाला अटॅक आला, बाईकवरून पडून डोक्याला मार लागला, बाळंतपण अडलं, की घरातल्यांच्या तोंडून पहिलं वाक्य एकच निघायचं, "बांबोळीक व्हरा." आणि तिथं गेलं की कुठलंही राज्य न विचारता उपचार व्हायचे, तेही जवळपास फुकट. ते बंद झाल्यावर लोक चिडणार नाहीत तर काय.

पण गोव्याच्या बाजूनेही विचार करून बघा. जेमतेम पंधरा लाख लोकांचं राज्य, त्यांच्या टॅक्सवर चालणारं हॉस्पिटल, आणि वॉर्डात मोठ्या संख्येने सिंधुदुर्ग आणि कारवारचे पेशंट. गोवेकर म्हणाले आमच्या पेशंटला बेड मिळत नाही, त्यात चुकीचं काहीच नव्हतं. मग तोडगा काय निघाला तर बांबोळीला महाराष्ट्राच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेशी जोडायचं, म्हणजे सिंधुदुर्गातला पेशंट गोव्यात उपचार घेणार आणि त्याचं बिल महाराष्ट्राची योजना भरणार. पेशंटपुरता प्रश्न बऱ्यापैकी सुटला, पुढाऱ्यांनी एकमेकांचे आभार मानले आणि विषय संपला.

मला नेमका तिथंच विषय सुरू झाला असं वाटतं. महाराष्ट्र सरकारने त्या तोडग्यातून काय कबूल केलं ते बघा. आमच्या एका अख्ख्या जिल्ह्याला आम्ही नीट हॉस्पिटल देऊ शकत नाही, पण दुसऱ्या राज्याच्या हॉस्पिटलचं बिल भरू शकतो. आणि हे फक्त दोडामार्गपुरतं नाहीये, गेली बारा-तेरा वर्षं राज्याचं आरोग्य धोरण बऱ्याच प्रमाणात याच रस्त्याने चाललंय. हॉस्पिटल चालवण्यापेक्षा बिल भरणं सोपं, बिल भरलं की कार्ड छापता येतं, कार्डावर फोटो छापता येतो. माझं म्हणणं सरळ आहे, बिल भरायला ना नाही, पण आपण क्रम उलटा लावलाय, आणि क्रम उलटा लागला की त्याच पैशाचा परिणाम निम्मासुद्धा राहत नाही.

आता थोडं मागे जाऊ. सरकारने लोकांच्या औषधपाण्याचा खर्च उचलायचा म्हटला की जगात ढोबळमानाने दोन जुने रस्ते आहेत. एक जर्मनीचा, बिस्मार्कने 1883 ला आजारपणाच्या विम्याचा कायदा केला, कामगार आणि मालक दोघांनी वर्गणी भरायची, त्यातून आजारी माणसाचा खर्च निघायचा. दुसरा इंग्लंडचा, 5 जुलै 1948 ला एनएचएस, म्हणजे तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा, सुरू झाली, पैसा मुख्यतः टॅक्समधून, हॉस्पिटलं सरकारच्या मालकीची, पेशंटने दारात पैसे द्यायचे नाहीत. आपल्याकडे नेमक्या त्याच काळात आरोग्यसेवेचा आराखडा आखायला नेमलेल्या भोर समितीचा रिपोर्ट आला, 1946 ला, आणि त्यात स्पष्ट म्हटलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहता कामा नये. म्हणजे आपण कागदावर दुसरा रस्ता निवडला. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, सिव्हिल, मेडिकल कॉलेज ही उतरंड त्याच विचारातून उभी राहिली. साध्या भागात 30 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात 20 हजारांमागे एक, 5 हजारांमागे उपकेंद्र. आराखड्यात खोट काढायला जागा नाही, खोट पैशात आहे.

आणि मग त्या आराखड्याच्या बाजूला आपण एकेक वेगळी खोली बांधत गेलो. कारखान्यातल्या कामगारांना ईएसआय म्हणजे कामगार विमा, 1948 चा कायदा, पगाराच्या पाऊण टक्का कामगाराचा आणि सव्वातीन टक्के मालकाचे, पगार 21 हजारांच्या वर गेला की बाहेर. केंद्राच्या नोकरांना सीजीएचएस ही त्यांची स्वतंत्र आरोग्य योजना. राज्याच्या नोकरांना बिलाची प्रतिपूर्ती. धर्मादाय हॉस्पिटलांना टॅक्सची सवलत, बदल्यात 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बलांसाठी सवलतीत, ही मुंबई हायकोर्टाने 2006 ला घालून दिलेली स्कीम. प्रत्यक्षात किती जणांना ती खाट सहज मिळते हे पुण्यामुंबईत कुणालाही विचारा, तहसीलदाराचा दाखला आणा, रेशन कार्ड आणा, आणि आणलं तरी "आत्ता खाट शिल्लक नाही". ज्याच्याकडे आवाज आहे, म्हणजे संघटित कामगार, सरकारी नोकर, आमदार-खासदार, तो प्रत्येक जण आपापल्या खोलीत गेला, आणि मोकळ्या व्हरांड्यात उरले ते ज्यांचं ऐकायला कुणी नाही. सरकारी दवाखान्याची दुर्दशा का झाली याचं माझ्या मते हेच पहिलं कारण आहे. जिल्हाधिकाऱ्याचं पोर जिल्हा रुग्णालयात ॲडमिट होत असतं तर भूलतज्ज्ञाची जागा तीन वर्षं रिकामी राहिली नसती.

मग आली योजना. आंध्रात 2007 ला वाय. एस. राजशेखर रेड्डींनी आरोग्यश्री काढली, निवडणुकीत ती चालली, आणि सगळ्या राज्यांना कळलं की हे चालतं. महाराष्ट्रात 2 जुलै 2012 ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी सगळ्या राज्यात, कुटुंबाला वर्षाला दीड लाख. 2017 ला सरकार बदललेलं होतं म्हणून नाव बदललं, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. 2018 ला केंद्राची आयुष्मान आली, पाच लाखांची, 2020 ला दोन्ही एकत्र केल्या. 2023 ला निर्णय झाला की आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना पाच लाख, पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशन कार्ड असो. प्रोसिजरची यादी 996 वरून 1356 वर गेली. हे वाचायला फार भारी वाटतं आणि मी काही याला थोतांड म्हणणार नाही. अँजिओप्लास्टी, डायलिसिस, केमो, मेंदूचं ऑपरेशन, यात या योजनेने हजारो घरं कर्जातून वाचवली आहेत. ज्या घरात डायलिसिसचा पेशंट आहे त्यांना विचारा योजना म्हणजे काय ते. तेव्हा योजना बंद करा असं म्हणणाऱ्यांतला मी नाही.

पण योजना कशाचे पैसे देते ते नीट बघितलं पाहिजे. ती ॲडमिट झाल्यावर पैसे देते, तेही ठरलेल्या यादीतल्या प्रोसिजरचे, ठरलेल्या पॅकेजमध्ये. आता साध्या घराचा औषधपाण्याचा खर्च कुठं जातो? शुगरच्या गोळ्या, बीपीच्या गोळ्या, पोराचा ताप, आजीचे गुडघे, रक्ततपासणी, दर महिन्याचं मेडिकलचं बिल. यातलं काहीही योजनेत बसत नाही. शुगर आहे तोवर तुम्ही खिशातून घाला, त्या शुगरने किडनी गेली की सरकार डायलिसिसचे पैसे द्यायला हजर. बीपीची गोळी महिना काही रुपयांची, ती नियमित मिळाली नाही म्हणून पॅरालिसिस झाला की पॅकेज हजारांत. सरकारलाच हा धंदा आतबट्ट्याचा आहे, पेशंटचं तर सोडूनच द्या.

देशाचे आकडे बघितले तर 2013-14 ला एकूण आरोग्य खर्चातला 64.2 टक्के लोक स्वतःच्या खिशातून करत होते, 2021-22 ला तो 39.4 वर आला असं सरकारचे नॅशनल हेल्थ अकाउंट्स सांगतात. या घसरणीवर अभ्यासकांचे वाद आहेत, पण चला धरून चालू की खरं आहे. तरीही शंभरातले चाळीस रुपये आजारी माणूस आजारी असतानाच देतोय, म्हणजे कमावत नाहीये तेव्हाच. याहून वाईट वेळी पैसे मागायची पद्धत शोधून काढणं अवघड आहे.

दुसरी गोष्ट, पैसे ज्या कामाचे मिळतात ते काम वाढतं. यात डॉक्टरला चोर म्हणायची गरज नाही, हा माणसाचा स्वभाव आहे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचं प्रकरण 2019 ला गाजलं, सरकारने समिती नेमली, 82 हजारांवर महिलांचा सर्व्हे झाला आणि 13 हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. तो सगळा बाजार योजनेचा नव्हता, बरेचसे पैसे त्या बायकांनीच उचल घेऊन भरले होते, पण तत्त्व तेच आहे. अंगावरून जाणं, पाठदुखी, इन्फेक्शन यावर नीट तपासून औषध देणारी सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञ तालुक्याला नाही, आणि ऑपरेशन करून पैसे घेणारा आहे, मग जे होणार तेच झालं. म्हणून तर महाराष्ट्राच्या योजनेत काही प्रोसिजर फक्त सरकारी हॉस्पिटलसाठी राखून ठेवल्या आहेत, ही अक्कल चांगली आहे, पण सरकारी हॉस्पिटलात ती प्रोसिजर करायला सर्जन नसला की ती राखीव जागा पेशंटसाठी उलट बंद दरवाजा होते. खाजगीवाला म्हणतो योजनेत करता येत नाही, सिव्हिलवाला म्हणतो डॉक्टर नाही, पेशंट शेवटी शेत गहाण टाकून खाजगीतच करतो.

आणि उलटही होतं. ज्या कामाचे पॅकेज परवडत नाही ते काम खाजगी हॉस्पिटल टाळतं. "योजनेचे बेड फुल आहेत", "या तपासण्या आधी बाहेरून करून आणा", "इम्प्लांट चांगला हवा असेल तर वरचे पैसे भरा", ही वाक्यं ज्याने हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलासमोर तासभर काढलाय त्याला पाठ असतात. हॉस्पिटलवाल्यांचंही ऐका, क्लेमचे पैसे महिनोन् महिने थकतात, पॅकेजचे दर खर्चाशी जुळत नाहीत, ही त्यांची तक्रार खोटी नाही. लक्ष ठेवायला जी यंत्रणा हवी ती इतकी पातळ आहे की कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या संस्थेच्या, 2023 च्या रिपोर्टमध्ये देशभरातले साडेसात लाखांच्या आसपास आयुष्मान लाभार्थी 9999999999 या एकाच मोबाईल नंबरला जोडलेले सापडले. विकत घेणाऱ्याला माल ओळखता आला पाहिजे ना. ज्या सरकारकडे स्वतःची चालती हॉस्पिटलं नाहीत त्याला ऑपरेशनचा खरा खर्च किती येतो हेसुद्धा कळत नाही, मग दर एकतर जास्त लावणार किंवा कमी लावणार.

आता सरकारी बाजू बघू. 2023 च्या ऑगस्टमध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका रात्रीदिवसात 18 मृत्यू झाले. दीड महिन्यात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर, नांदेडच्या शंकरराव चव्हाण मेडिकल कॉलेजमध्ये 24 तासांत 24, त्यात 12 नवजात बाळं. तिथं काय झालं? खासदार आले आणि त्यांनी डीनकडून संडास साफ करून घेतला. बस्स, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. नांदेडला हिंगोली, परभणी, यवतमाळ, तेलंगणाच्या सीमेवरचे गावचे गाव येतात, खाजगीतून पैसे संपलेले पेशंट शेवटच्या क्षणी तिथं पाठवले जातात, खाटांपेक्षा जास्त पेशंट असतात, आणि औषध खरेदीचा घोळ वर्षानुवर्षांचा. 2017 पासून सगळी खरेदी हाफकिन या राज्याच्याच लस-औषध कंपनीकडे दिली होती, ते जमलं नाही, मग 2023 ला वेगळं खरेदी प्राधिकरण काढलं. या सगळ्या काळात वॉर्डातला डॉक्टर काय करणार, चिठ्ठी लिहून देणार की हे बाहेरून आणा. उपचार फुकट, औषध मात्र समोरच्या मेडिकलमध्ये.

याच 2023 च्या 15 ऑगस्टपासून राज्याने आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत उपचार पूर्ण मोफत केले, केसपेपरचे दहा रुपयेसुद्धा नाहीत. चांगला निर्णय. पण मेडिकल कॉलेजं त्यात नाहीत कारण ती वेगळ्या खात्याची. हा विभागांचा पसाराही एकदा समजून घेण्यासारखा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, तिथं जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय सिव्हिल सर्जनच्या हाताखाली. मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षण खात्याचं, तिथं डीन. शहरात महापालिकेचे दवाखाने, त्यांचा साहेब आणखी वेगळा. त्यात आता जिल्ह्याजिल्ह्यात मेडिकल कॉलेज काढायचं म्हणून चालू सिव्हिल हॉस्पिटलंच कॉलेजला देऊन टाकली, सिंधुदुर्गात ओरोसचं तेच झालं. बोर्ड बदलला, खाटा त्याच. तुमचा पेशंट प्राथमिक केंद्रातून उपजिल्ह्यात आणि तिथून मेडिकल कॉलेजला जातो तेव्हा तीन साहेबांच्या हद्दी ओलांडतो आणि कुठल्याही साहेबाला पुढं त्याचं काय झालं हे सांगायला कुणी बांधील नाही. तीन वेळा तीच रक्ततपासणी होते ती उगाच नाही.

जागांचं म्हणाल तर 2024 च्या शेवटी विधिमंडळात मांडलेल्या कॅगच्या रिपोर्टप्रमाणे राज्यात डॉक्टरांची साधारण चौथा हिस्सा आणि नर्सची तिसरा हिस्सा मंजूर पदं रिकामी होती. मंजूर पदं म्हणजे पूर्वी कधीतरी ठरवलेली, आजच्या लोकसंख्येला लागतात ती नव्हेत. जी माणसं आहेत त्यातली खूप जण राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी, पंधरा-पंधरा वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. आशाताईंना तर पगारच नाही, कामाप्रमाणे मोबदला, आणि तो वाढवून घ्यायला 2023 च्या दिवाळीच्या तोंडावर त्यांना संप करावा लागला. रिकाम्या जागेचा परिणाम कसा होतो तर सिझरला सर्जन, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, रक्त आणि दोन अनुभवी सिस्टर हे पाचही एकाच वेळी लागतात. पाचातलं एक नसलं की उरलेले चार फुकट. म्हणजे ऐंशी टक्के खर्च करून शून्य सिझर. लोक म्हणतात सरकारी हॉस्पिटलवर एवढा खर्च होतो आणि काम काहीच नाही, ते याचमुळे.

तमिळनाडूने काय केलं बघा. 1994 ला त्यांनी औषध खरेदीची स्वतंत्र कंपनी काढली, तमिळनाडू मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन. ठरावीक औषधांची यादी, जिल्ह्यात गोदाम, प्रत्येक हॉस्पिटलला बँकेसारखं पासबुक, त्यात वर्षाची रक्कम टाकलेली, जेवढं उचललं तेवढं वजा. सप्लायरला वेळेवर पैसे, मालाची लॅबमध्ये तपासणी. यात काहीही क्रांतिकारी नाहीये, किराणा दुकानदारसुद्धा असाच माल ठेवतो. पण सरकारं बदलली, तिथं दोन पक्ष एकमेकांचं तोंड बघत नाहीत, तरी ही कंपनी कुणी मोडली नाही. राजस्थानने 2011 ला हेच उचललं आणि 2 ऑक्टोबरपासून मोफत औषध योजना सुरू केली. महाराष्ट्राला तीस वर्षं शेजारच्या मांडवात डोकावायला जमलं नाही.

पण क्रमाचा मुद्दा नीट कळायचा तर थायलंडकडे बघायला पाहिजे. 2001 ला तिथं थाकसिन निवडून आले ते तीस बाथमध्ये कुठलाही उपचार या घोषणेवर. लोकांना वाटतं घोषणा दिली आणि झालं. घोषणेच्या आधी वीस वर्षं काय झालं ते कुणी सांगत नाही. 1982 ते 86 च्या त्यांच्या पाचव्या पंचवार्षिक योजनेत सरकारने शहरातल्या हॉस्पिटलांची नवी बांधकामं थांबवली आणि तो पैसा तालुक्याच्या हॉस्पिटलांकडे वळवला. विचार करा, आपल्याकडे कुणी आरोग्यमंत्री उठून म्हणेल का की पाच वर्षं मुंबई-पुण्यात नवीन सरकारी इमारत नाही, सगळं मोखाडा, धडगाव, अहेरीला? नव्या डॉक्टरला तीन वर्षं सरकारी सेवा सक्तीची, ग्रामीण भागात जाणाऱ्याला जास्त भत्ता. डॉ. सांगुआन नित्यारम्फोंग, ज्यांना या सगळ्या योजनेचा शिल्पकार मानतात, ते स्वतः ईशान्येतल्या सीसाकेत प्रांतात रासी सलाईच्या छोट्या हॉस्पिटलात काम केलेले. तेव्हा 2001 ला पैशाची पद्धत बदलली तोवर जवळपास प्रत्येक तालुक्यात चालतं हॉस्पिटल उभं होतं.

आणि पैशाची पद्धतही बघण्यासारखी आहे. त्यांनी ऑपरेशनवर पैसे लावले नाहीत, डोक्यावर लावले. तुमच्या तालुक्यात इतकी माणसं नोंदलेली आहेत, माणशी सुरुवातीला 1202 बाथ वर्षाला, घ्या आणि सांभाळा. बाह्यरुग्ण विभाग, गोळ्या, लसी, गावातली आरोग्य केंद्रं सगळं त्यात. ॲडमिट पेशंटसाठी वेगळी रक्कम, पण तिला वरून टोपण लावलेलं, कितीही क्लेम केले तरी एकूण भांडं तेवढंच. त्यामुळे तालुक्याच्या हॉस्पिटललाच शुगर-बीपी वेळेवर आवरण्यात फायदा, पेशंट बिघडला तर खर्च त्यांच्याच अंगावर. सुरुवातीला गोंधळ झाला, शहरातली मोठी हॉस्पिटलं तोट्यात गेली, डॉक्टरांनी राजीनामे दिले, ओरड झाली. 2006 ला ते तीस बाथही रद्द झाले, 2012 ला परत आले, पण मूळ चौकट टिकली. आज तिथं लोकांच्या खिशातून जाणारा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास आहे. आणि हे केलं तेव्हा थायलंड काही श्रीमंत नव्हतं, 1997 ला त्यांचा बाथ कोसळून सगळ्या आशियाची झोप उडाली होती त्याला चारच वर्षं झाली होती.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, सरकारी म्हटलं की असंच, रांगा, उर्मटपणा, घाण. लंडनला असलेला मावसभाऊ सांगतो की एनएचएसमध्ये गुडघ्याच्या ऑपरेशनला दीड वर्ष थांबावं लागतं. बरोबर आहे, 2023 च्या सप्टेंबरात इंग्लंडची वेटिंग लिस्ट 77 लाखांवर गेली होती. टॅक्समधून चालवलेली व्यवस्था पैसा आवळला की रांगेतून रडते, विम्यावरची व्यवस्था पैसा आवळला की "योजनेत बसत नाही" म्हणून रडते. दोन्हीत फरक एवढाच की रांग सगळ्यांना दिसते, मोजता येते, त्यावर सरकार पडू शकतं. न बसलेल्या पेशंटची कुठंच नोंद नसते. आणि पैशाची ओढाताण एनएचएसला जन्मापासून आहे, ज्या मंत्र्याने ती उभी केली त्या अन्यूरिन बेव्हनने तीन वर्षांच्या आत, 1951 ला, चष्मे आणि कवळ्यांना पैसे लावले म्हणून राजीनामा दिला होता. चष्म्यासाठी मंत्रिपद सोडणारा माणूस आपल्याकडे कुठल्या पक्षात दाखवा.

दुसरा आक्षेप, पैसा कुठून आणणार. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारनेच लिहिलं होतं की 2025 पर्यंत सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या अडीच टक्के करू आणि राज्यांनी 2020 पर्यंत बजेटचे आठ टक्के आरोग्याला द्यावेत. 2021-22 ला, म्हणजे कोविडच्या लसीकरणाच्या वर्षात, केंद्र आणि राज्यं मिळून 1.84 टक्क्यांवर होतो. महाराष्ट्र, देशातलं सगळ्यात मोठं अर्थकारण असलेलं राज्य, पाच टक्क्यांच्या आतबाहेर घुटमळतो. यात केंद्राचीही एक चलाखी आहे. 2018 पासून इन्कम टॅक्सवर चार टक्के हेल्थ आणि एज्युकेशन सेस आहे, तुमच्या-माझ्या पगारातून जातो, आणि सेसचा पैसा राज्यांबरोबर वाटून घ्यावा लागत नाही. आरोग्य मात्र राज्याचा विषय. म्हणजे आरोग्याच्या नावाने वसुली दिल्लीची आणि नांदेडचा वॉर्ड मुंबईचा. राज्याने यावर भांडायला हवं ते भांडत नाही, कारण बरेचदा दिल्लीत आणि मुंबईत एकच पक्ष असतो आणि नसतो तेव्हा दुसरीच भांडणं असतात.

मला विचाराल तर पाच लाखांचे दहा लाख करण्याची पुढची घोषणा येईल तेव्हा तिला टाळ्या वाजवू नका. फारच थोड्या कुटुंबांचं बिल पाच लाखांपर्यंत जातं, त्यामुळे तो आकडा वाढवायला सरकारला फार खर्च येत नाही, म्हणूनच तो वाढतो. त्याऐवजी तीन गोष्टी आधी व्हाव्यात. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात सिझर होण्याइतकी पूर्ण टीम, कंत्राटी नव्हे कायम, आणि दुर्गम भागात जाणाऱ्याला शहरापेक्षा ठळक जास्त पगार, पोरांच्या शाळेची सोय धरून. दुसरं, शुगर, बीपी, दमा, फिट्स, मानसिक आजार यांच्या गोळ्या प्रत्येक उपकेंद्रात वर्षभर न चुकता. तिसरं, योजनेचे पैसे हॉस्पिटलला देण्याऐवजी निदान एक-दोन जिल्ह्यांत डोई हिशोबाने जिल्ह्याला देऊन बघा, सिव्हिल सर्जन, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि डीन तिघांना एका टेबलावर बसवून, आणि बाहेर पाठवलेल्या पेशंटचं बिल त्यांच्याच भांड्यातून जाऊ द्या. मग बघा रेफर करण्याआधी दोनदा विचार होतो का नाही. यात धोका आहे, पेशंट अडवून ठेवतील, त्यासाठी बाहेरचं ऑडिट लागेल, मृत्यूंचे आकडे दर महिन्याला जाहीर करावे लागतील. खाजगी हॉस्पिटलकडून जे सरकारला करताच येत नाही ते विकत घ्यावं, जरूर घ्यावं, पण विकत घेणाऱ्याच्या घरात चूल तरी पेटलेली असावी.

सिंधुदुर्गापुरतं सांगायचं तर सावंतवाडीच्या मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटलचं भूमिपूजन 2018 ला, दोडामार्गच्या आंदोलनाच्याच वर्षी झालं, आणि नंतर ते जागेच्या वादात अडकलं. या काळात सिंधुदुर्गातल्या पेशंटसाठी योजनेतून बांबोळीला आणि कोल्हापूर-बेळगावच्या हॉस्पिटलांना एकूण किती रुपये गेले, आणि तेवढ्यात किती भूलतज्ज्ञांचा किती वर्षांचा पगार झाला असता, हा हिशोब सरकारकडे आहे, प्रत्येक क्लेम कॉम्प्युटरवर आहे. एखाद्या आमदाराने तारांकित प्रश्न टाकून तो तालुकावार मागावा.